घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकताना कोणती फाइल सिस्टीम निवडावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी एक डेस्कटॉप आहे: ८ जीबी रॅम, २४० जीबीची स्वस्तातली एसएसडी आणि १ टीबीची जुनी हार्डडिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून लिनक्स मिंट टाकायचं आहे. पण हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरसाठी विंडोजही आणखी काही महिने शेजारी ठेवायचं आहे. हार्डडिस्कवर घरचे सगळे फोटो आणि सातबारा, विमा, मार्कशीट अशा कागदांचे स्कॅन आहेत. वीज कधीही जाते, यूपीएस नाही. इन्स्टॉलर फाइल सिस्टीमची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याच्या पद्धतींची, ईएक्सटी४, ईएक्सटी३, बीटीआरएफएस, एक्सएफएस, जेएफएस अशी यादी दाखवतो. यातलं काय घ्यावं?

आधी निकाल सांगतो, कारण बऱ्याच जणांना तेवढाच हवा असतो. एसएसडीवर ईएक्सटी४ घ्या. मशीनवर विंडोज आहे तोवर हार्डडिस्कवर एनटीएफएस, म्हणजे विंडोजची नेहमीची फाइल सिस्टीम, राहू द्या. विंडोज काढायची वेळ आली की, फोटोंची दुसरी प्रत ठेवणारी वेगळी डिस्क तुमच्याकडे असेल तर त्या हार्डडिस्कवर बीटीआरएफएस करा; नसेल तर तिथेही ईएक्सटी४. आणि यूपीएस घ्या.

आता कारणं. फाइल सिस्टीमची तुलना शोधायला गेलात की वेगाचे तक्ते समोर येतात. ब्राउझर, फोटो, लिबरऑफिस, सिनेमे एवढा वापर असेल तर त्या तक्त्यांचा काही उपयोग नाही. सगळं सुरळीत चालू असताना ईएक्सटी४, एक्सएफएस आणि बीटीआरएफएस यांतला फरक घरी कुणालाही कळणार नाही. तो कळतो बिघाडाच्या दिवशी. वीज गेली, डिस्कचे सेक्टर मेले, अपडेटनंतर मशीन सुरूच होईना, जागा संपली. त्या दिवशी तुमच्या हातात काय असेल ते तुम्ही इन्स्टॉलरच्या त्या यादीत ठरवत असता. म्हणून मी बिघाडांकडूनच सुरुवात करतो.

पहिला बिघाड विजेचा, कारण तुमच्याकडे तो रोजचा आहे.

तुम्ही लिबरऑफिसमध्ये पत्र लिहून सेव्ह केलं. प्रोग्रामच्या दृष्टीनं काम झालं. प्रत्यक्षात तो मजकूर अजून रॅममध्ये असू शकतो. लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) दर ५ सेकंदांनी फेरी मारतं आणि साधारण ३० सेकंद जुना झालेला मजकूर डिस्ककडे पाठवतं. प्रोग्रामनं ‘एफसिंक’ करून ‘आत्ताच्या आत्ता डिस्कवर उतरव’ असं सांगितलं असेल तरच तो लगेच उतरतो. चांगले प्रोग्राम तसं करतात, सगळे करत नाहीत. त्यामुळे वीज गेली की शेवटच्या अर्ध्या मिनिटातलं काम जाऊ शकतं, आणि ते कुठल्याही फाइल सिस्टीमवर जाऊ शकतं. यावर इलाज यूपीएसचा.

फाइल सिस्टीमचं काम वेगळं आहे. एक फाइल लिहायची म्हणजे तीन-चार ठिकाणी नोंदी बदलायच्या: डिस्कचे कोणते ब्लॉक (तुकडे) वापरले, फाइलचा आकार किती झाला, ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे. निम्म्या नोंदी झाल्या आणि वीज गेली, तर डिस्कचा हिशेब जुळत नाही. ईएक्सटी४ हे बदल आधी जर्नलमध्ये लिहिते आणि मग मूळ जागी करते, दुकानात आधी रोजकीर्द लिहून मग खतावणी करतात तसं. वीज परत आली की जर्नल वाचून अर्धवट राहिलेल्या नोंदी पूर्ण करते किंवा सोडून देते. या कामाला बहुधा काही सेकंद लागतात. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: नेहमीच्या पद्धतीत जर्नलमध्ये फक्त नोंदी जातात, तुमच्या पत्रातला मजकूर जात नाही. मजकूर आधी जागेवर लिहायचा आणि मग त्याची नोंद पक्की करायची, एवढी शिस्त ईएक्सटी४ पाळते.

ही शिस्तही पहिल्या दिवसापासून पुरेशी नव्हती. ईएक्सटी४ डिसेंबर २००८ मध्ये २.६.२८ या कर्नलबरोबर स्थिर म्हणून जाहीर झाली. लगेच २००९ मध्ये तक्रारी आल्या की मशीन अचानक बंद पडलं तर नुकत्याच सेव्ह केलेल्या फाइली शून्य बाइटच्या होतात. जागा वाटून देणं शक्य तितकं लांबवायचं, ही तिची वेगासाठीची युक्ती त्याच्या मुळाशी होती. मग जुन्या फाइलच्या जागी नवी ठेवण्याचे नेहमीचे प्रकार ओळखून मजकूर आधी लिहायची सोय केली गेली. घरच्या कॉम्प्युटरसाठी मी ईएक्सटी४ वर भरवसा ठेवतो तो यामुळे. अशा खाचखळग्यांतून ती गेली आहे आणि तेव्हापासून असंख्य मशीनवर रोज वापरली जाते आहे.

बीटीआरएफएसची रीत वेगळी. ती चालू नोंदीवर पुन्हा लिहीतच नाही. नवा मजकूर नव्या जागी लिहिते, त्याकडे नेणाऱ्या नोंदीही नव्या जागी लिहिते आणि सगळं झालं की शेवटी मुख्य नोंद नव्याकडे वळवते. मध्ये वीज गेली तर जुनं सगळं जसंच्या तसं असतं. कागदावर ही रचना ईएक्सटी४ पेक्षा सरस आहे, आणि चांगल्या डिस्कवर प्रत्यक्षातही ती वीज जाणं नीट सोसते.

अडचण ‘चांगल्या डिस्कवर’ या अटीत आहे. हे सगळं एका गृहीतकावर चालतं: डिस्कनं ‘लिहिलं’ असं सांगितलं म्हणजे ते खरोखर लिहिलेलं आहे. काही स्वस्त एसएसडी आणि काही यूएसबीनं जोडायचे डिस्कचे डबे इथे दगा देतात. मजकूर त्यांच्या स्वतःच्या तात्पुरत्या मेमरीत असतानाच ‘लिहिलं’ म्हणून कळवतात. त्याच क्षणी वीज गेली तर मुख्य नोंद नवी आणि ती ज्याकडे बोट दाखवते तो भाग जुना, अशी स्थिती होते. बीटीआरएफएस मग ‘पॅरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड’ असं म्हणून डिस्क जोडायलाच नकार देते. तिची दुरुस्तीची कमांड आहे, पण जाणकाराला विचारल्याशिवाय ती चालवू नका असं तिच्याच मार्गदर्शिकेत लिहिलेलं आहे. बहुतेकदा उपाय एकच उरतो: फक्त वाचण्यापुरती जोडून जे मिळेल ते दुसरीकडे काढायचं आणि डिस्क पुन्हा फॉरमॅट करायची.

ईएक्सटी४ अशा डिस्कवर अधिक सोशिक आहे. वाईटात वाईट काय होतं? मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर ‘इनिटरॅमएफएस’ असा शब्द आणि त्यापुढे लुकलुकणारा कर्सर दिसतो. वरच्या ओळींत कोणत्या पार्टिशनवर (डिस्कच्या कप्प्यावर) ‘एफएससीके’ ही तपासणी-दुरुस्तीची कमांड हातानं चालवा तेही लिहिलेलं असतं. तेवढं टाइप करायचं, विचारेल त्याला ‘हो’ म्हणायचं आणि रीस्टार्ट करायचं. बहुतेक वेळा मशीन उभं राहतं. ज्या तुकड्यांचा मालक सापडला नाही ते ‘लॉस्ट अँड फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये नुसत्या आकड्यांच्या नावांनी पडलेले असतात. एखादी फाइल गेली असेल, पण घरातलं कुणीही फोनवर ऐकून ही दुरुस्ती करू शकतं. वीज सारखी जाणारं गाव, यूपीएस नाही, एसएसडी स्वस्तातली. या तिन्हींचा मेळ असताना एसएसडीवर ईएक्सटी४ सांगतो ते याचसाठी.

दुसरा बिघाड गुपचूप होतो, आणि फोटोंच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते.

जुनी हार्डडिस्क, सैल पडलेली साटा केबल, खराब झालेली रॅम, यांतल्या कशानंही फाइलमधला एखादा बाइट बदलू शकतो. जेपेगमध्ये बदललेल्या एका बाइटचा परिणाम पुढच्या सगळ्या भागावर होऊ शकतो: फोटो उघडतो, वरचा भाग ठीक असतो आणि मध्यापासून खाली रंग सरकलेले किंवा सपाट राखाडी पट्टा. ईएक्सटी४ ला हे कळत नाही. ती आपल्या नोंदींची बेरीज ताळून पाहते, तुमच्या फोटोतल्या मजकुराची नाही. ती खराब फोटो चांगला समजून देते, तोच तुमच्या बॅकअपमध्ये जातो आणि तिथल्या चांगल्या प्रतीवर बसतो. मुलाच्या बारशाचा फोटो काही वर्षांनी उघडावा आणि दोन्हीकडे राखाडी पट्टा दिसावा, असं घडू शकतं.

बीटीआरएफएस मजकुराच्या प्रत्येक ४ केबी तुकड्याची चेकसम (मजकुरावरून काढलेला ताळ्याचा आकडा) ठेवते आणि वाचताना दर वेळी ती जुळवून पाहते. जुळली नाही तर फाइल द्यायला नकार देते, आणि कर्नलच्या लॉगमध्ये तक्रार लिहून ठेवते. बॅकअप घेतानाही त्या फाइलवर एरर येते, त्यामुळे चांगल्या प्रतीवर खराब प्रत बसत नाही. शिवाय ‘स्क्रब’ नावाची सोय आहे: महिन्यातून एकदा चालवली की पूर्ण डिस्क वाचून काय सडलं आहे ते सांगते. फार मोलाची गोष्ट आहे ही.

मात्र तिची मर्यादा ओळखा. एकाच डिस्कवर फाइल सिस्टीमच्या स्वतःच्या नोंदींच्या दोन प्रती ठेवल्या जातात, म्हणून त्या बिघडल्या तर ती आपोआप दुरुस्त करते. तुमच्या फोटोची प्रत एकच असते. तो खराब झाल्याचं कळेल, पण नीट होणार नाही. नीट करायला दुसरी प्रत लागते. म्हणून वर अट घातली: दुसरी डिस्क असेल तरच बीटीआरएफएस. ती नसेल तर बिघाड कळूनही करण्यासारखं काही उरत नाही, आणि उलट अवघड दुरुस्तीचा धोका मात्र डोक्यावर राहतो.

ईएक्सटी४ वरच राहायचं असेल तर हाच पहारा हातानंही ठेवता येतो. सगळ्या फोटोंच्या एसएचए२५६ पद्धतीच्या चेकसमची यादी एकदा करून ठेवा आणि वर्षातून एक-दोनदा ताळून पाहा. फोटो सहसा बदलत नाहीत, त्यामुळे हे काम वाटतं तितकं किचकट नाही.

आणि या सगळ्याच्या आधी त्या जुन्या डिस्कची तब्येत पाहा. मिंटच्या ‘डिस्क्स’ प्रोग्राममध्ये स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, दिसतो. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ किंवा ‘करंट पेंडिंग सेक्टर’ यांच्यासमोर शून्याशिवाय दुसरा आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर कोणती फाइल सिस्टीम हा प्रश्नच बाजूला ठेवा, फोटो आजच दुसरीकडे हलवा. ‘यूडीएमए सीआरसी एरर’चा आकडा वाढत असेल तर डिस्क नव्हे, केबल बदला. तेवढ्यानं चांगल्या डिस्क वाचतात.

तिसरा बिघाड म्हणजे अपडेटनंतर मशीन सुरू न होणं. बीटीआरएफएसचं नाव घरगुती वापरात झालं ते याच कारणानं. स्नॅपशॉट, म्हणजे त्या घडीच्या सगळ्या फाइलींचं चित्र, क्षणात घेता येतो आणि घेतल्या घेतल्या जवळजवळ जागाच खात नाही, कारण जुनं आणि नवं सारखंच असेल तोवर दोघांचा मजकूर एकच असतो. ओपनसूसे या लिनक्सच्या दुसऱ्या डिस्ट्रोनं (तयार संचानं) २०१४ पासून मुख्य पार्टिशनसाठी बीटीआरएफएस ठरवून दिली आणि त्यावर ‘स्नॅपर’ बसवला: पॅकेज टाकण्याआधी आणि नंतर आपोआप स्नॅपशॉट, आणि बिघडलं तर सुरुवातीच्या मेन्यूतूनच जुन्या स्नॅपशॉटमध्ये शिरता येतं. फेडोरानं ऑक्टोबर २०२० मध्ये ३३ व्या आवृत्तीपासून डेस्कटॉपसाठी तीच निवडली, पण स्नॅपशॉटची अशी तयार घडी मात्र दिली नाही. यांतला कोणताही डिस्ट्रो घेणार असाल तर तिथे जे ठरवून दिलं आहे तेच राहू द्या. ओपनसूसे घेऊन मुद्दाम ईएक्सटी४ करणं म्हणजे तिची सगळ्यात चांगली सोय स्वतःच्या हातानं काढून टाकणं.

मिंटमध्ये ठरलेली फाइल सिस्टीम ईएक्सटी४ आहे आणि सिस्टीमचे स्नॅपशॉट घेणारा ‘टाइमशिफ्ट’ प्रोग्राम आधीपासून असतो. ईएक्सटी४ वर तो फाइलींची खरी प्रत काढतो. पहिला स्नॅपशॉट सिस्टीमएवढीच जागा घेतो, पुढचे फक्त बदललेल्या फाइलींची. न बदललेल्या फाइलींना तो हार्डलिंक करतो (त्याच मजकुराला आणखी एक नाव देतो), म्हणून ही प्रत लिनक्सच्याच फाइल सिस्टीमवर ठेवावी लागते, एनटीएफएसवर नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ असा: विंडोजमधूनच हार्डडिस्कचं पार्टिशन साधारण ६० जीबीनं लहान करा आणि त्या मोकळ्या जागेत टाइमशिफ्टसाठी ईएक्सटी४ पार्टिशन करा. सिस्टीम एसएसडीवर आणि तिची प्रत हार्डडिस्कवर असली की एसएसडी मेली तरी प्रत उरते. बीटीआरएफएसचा स्नॅपशॉट त्याच एसएसडीवर असतो, तो तिच्याबरोबरच जातो. ‘माझ्याकडे स्नॅपशॉट आहेत, बॅकअप कशाला’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. कृपा करून त्यांत सामील होऊ नका. आणि टाइमशिफ्ट तुमच्या होम फोल्डरमधल्या फाइली सहसा घेत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा घ्यावा लागतो.

जागा संपण्याबद्दल थोडं. १ टीबीची डिस्क ईएक्सटी४ नं फॉरमॅट केली की लोक विचारतात, जागा गेली कुठे? पहिली गोष्ट, विकणारा १ टीबी म्हणजे हजार जीबी मोजतो, आणि १०२४ च्या पटीत मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये तीच डिस्क ९३१ दिसते. दुसरी, ईएक्सटी४ फाइलींच्या नोंदीसाठीचे रकाने, म्हणजे आयनोड, फॉरमॅट करतानाच आखून ठेवते: दर १६ केबीमागे एक, प्रत्येकी २५६ बाइट. १ टीबीवर ते ६ कोटींच्या घरात जातात आणि १५ जीबीच्या आसपास जागा घेतात. तिसरी, ५ टक्के जागा रूट (सिस्टीम चालवणाऱ्या) वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेली असते, म्हणजे जवळपास ५० जीबी. सिस्टीमच्या पार्टिशनवर ही राखीव जागा हवीच, डिस्क काठोकाठ भरली तरी मशीन चालू राहतं. नुसत्या फोटोंच्या पार्टिशनवर तिची गरज नाही. ‘ट्यून२एफएस’ कमांडनं ती शून्यावर आणा, डेटाला धक्का लागत नाही.

बीटीआरएफएसवर गोंधळ वेगळाच होतो. १० जीबीचा व्हिडिओ पुसला तरी जागा मोकळी होत नाही, कारण कालच्या स्नॅपशॉटमध्ये तो अजून आहे. स्नॅपशॉट काढला की जागा सुटते. मोकळी जागा दाखवणारी नेहमीची ‘डीएफ’ कमांड तिथे नीट चित्र देत नाही, तिची स्वतःची ‘फाइलसिस्टीम युसेज’ कमांड वापरा. डिस्क काठोकाठ भरू देऊ नका, दहा टक्के तरी मोकळी ठेवा. व्हर्च्युअल मशीन (कॉम्प्युटरच्या आत चालणारा कॉम्प्युटर) चालवणार असाल तर त्या मोठ्या फाइली बीटीआरएफएसवर फार तुकड्यांत विखुरतात; त्यांच्या फोल्डरपुरती नव्या जागी लिहिण्याची पद्धत बंद करता येते, पण मग तिथला चेकसमचा पहाराही उठतो.

आता एनटीएफएस, कारण काही महिने तुम्हाला दोन्हीकडून तीच हार्डडिस्क वापरायची आहे. लिनक्स तिच्यावर लिहू-वाचू शकतं. २०२१ मध्ये ५.१५ कर्नलपासून त्यासाठी कर्नलच्या आतलाच ड्रायव्हर आला. पण दोन गोष्टी आधी करा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. ते चालू असताना शटडाउन म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं, डिस्क पूर्ण सुटलेली नसते, आणि लिनक्स ती जोडायला नकार देतं किंवा फक्त वाचू देतं. दुसरं, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणं) चालू आहे का ते पाहा आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

एनटीएफएसची खरी दुरुस्ती विंडोजच्या ‘चेकडिस्क’नंच होते. लिनक्समध्ये तिच्या तोडीचं काही नाही. तेव्हा फोटो एनटीएफएसवर असेपर्यंत विंडोज काढू नका. एनटीएफएसचं जागच्या जागी ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस करायची भरवशाची सोय नाही, फोटो बाहेर काढावे लागतात, डिस्क फॉरमॅट करावी लागते आणि फोटो परत आणावे लागतात. म्हणजे तेवढ्यापुरती तरी दुसरी डिस्क लागतेच. ती कुणाकडून मागून आणण्यापेक्षा विकत घ्या. हलवाहलव झाली की तीच तुमची दुसरी प्रत. या बाहेरच्या डिस्कवर मी ईएक्सटी४ सांगेन, म्हणजे मूळ डिस्कवर बीटीआरएफएस असेल तर एकाच फाइल सिस्टीमचा दोष दोन्ही प्रतींना बाधणार नाही. प्रत घेतली की ती काढून कपाटात ठेवा. विजेच्या झटक्यात एकदम जळतात त्या नेमक्या जोडलेल्या डिस्क.

हलवताना मराठी नावांच्या फाइली अडतात. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टीममध्ये फाइलच्या नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी वेगवेगळी मोजली जातात. ‘महाराष्ट्र’ दिसायला लहान, पण त्यात दहा चिन्हं आहेत, म्हणजे ३० बाइट. अशा हिशेबानं पूर्ण नाव ८५ चिन्हांत बसावं लागतं. एनटीएफएसवर मात्र २५५ चिन्हं चालतात. व्हिडिओच्या किंवा शासन निर्णयाच्या लांबलचक शीर्षकासह उतरवून घेतलेल्या फाइली त्यामुळे कॉपी होताना ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून थांबतात. हजारो फाइलींच्या कॉपीत असा एक निरोप सहज नजरेतून सुटतो, आणि लोक मूळ डिस्क फॉरमॅट करून मोकळे होतात. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या जुळवा, मगच फॉरमॅट करा. मिंटचा इन्स्टॉलर युझर तयार करताना होम फोल्डर एन्क्रिप्ट करायचा पर्याय देतो, तिथे ही मर्यादा आणखी खाली, १४३ बाइटवर येते, म्हणजे मराठीत जेमतेम ४७ चिन्हं. एन्क्रिप्शन हवंच असेल तर पार्टिशनच्या खाली बसणारं लक्स वापरा, त्यानं नावांवर काही बंधन येत नाही.

यादीतली उरलेली नावं झटपट. एक्सएफएस ही एसजीआय कंपनीनं १९९० च्या दशकात आपल्या वर्कस्टेशनसाठी केलेली, २०१४ पासून रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्समध्ये ठरलेली. मोठ्या फाइली आणि सर्व्हरसाठी उत्तम. पण तिचं पार्टिशन वाढवता येतं, लहान करता येत नाही, आणि घरी आज ना उद्या लहान करायची वेळ येते. ईएक्सटी३ आणि ईएक्सटी२ घ्यायला आज काही कारण नाही. जेएफएस सोडून द्या. झेडएफएस अफलातून आहे, पण तिच्या लायसन्समुळे ती कर्नलमध्ये नाही, बाहेरून जोडावी लागते. चार-सहा डिस्कचा घरचा सर्व्हर बांधाल तेव्हा तिचा विचार करा. जुन्या लेखांत रायझरएफएसची शिफारस दिसेल, ती २०२५ मध्ये ६.१३ कर्नलमधून काढून टाकली गेली. बीकॅशएफएस जानेवारी २०२४ मध्ये मोठ्या गाजावाजानं कर्नलमध्ये आली आणि २०२५ संपण्याआधी बाहेरही गेली. घरचे फोटो ठेवायला माझ्या लेखी फाइल सिस्टीमला दहा-पंधरा वर्षांचा शांत इतिहास हवा.

प्रत्यक्ष इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ निवडा. एसएसडीवर विंडोजनं आधीच केलेलं, मशीन सुरू होताना लागणारं ईएफआय पार्टिशन असेल, ते फॅट३२ मध्येच असतं आणि तसंच राहिलं पाहिजे. त्याच्यापुढच्या फॉरमॅटच्या चौकटीत टिक करू नका, नाहीतर विंडोज सुरू व्हायचं बंद होईल. एसएसडीवरच्या मोकळ्या जागेत एकच ईएक्सटी४ पार्टिशन करा, माउंट पॉइंट (ते जोडायची जागा) नुसती तिरकी रेघ (/). होम फोल्डरसाठी वेगळं पार्टिशन करावं असं बरेच जण सांगतात. मोठ्या डिस्कवर मलाही ते पटतं. पण विंडोजचा वाटा वजा जाता उरलेल्या १२० जीबीत दोन कप्पे केले की एक तुडुंब भरतो आणि दुसरा रिकामा राहतो. स्वॅपसाठी (रॅम अपुरी पडली की वापरायच्या जागेसाठी) वेगळं पार्टिशन नको, मिंट स्वॅप फाइल आपोआप करतं. एसएसडीसाठी आठवड्याला एकदा ट्रिम (पुसलेली जागा एसएसडीला कळवणं) आपोआप चालतं, त्यासाठीही काही करू नका.

हार्डडिस्क कायमची जोडण्यासाठी एफएसटॅब या डिस्क जोडण्याच्या यादीच्या फाइलमध्ये ओळ लिहाल तेव्हा डिस्कचं यूयूआयडी (ओळखक्रमांक) वापरा आणि पर्यायांत ‘नोफेल’ घाला. ते नसेल आणि एखाद्या दिवशी ती जुनी डिस्क उठलीच नाही, तर एसएसडी ठणठणीत असूनही मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकून बसतं. नवीन ईएक्सटी४ पार्टिशन केल्यावर हार्डडिस्कचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला तर घाबरू नका. फॉरमॅट झटपट उरकून आयनोडचे तक्ते ती नंतर सावकाश पार्श्वभूमीवर तयार करते.

हे वाचेपर्यंत तुम्ही एसएसडीवर वेगळं काही टाकून बसला असाल, तरी ते पुसून नव्यानं सुरुवात करू नका. बीटीआरएफएस टाकली असेल तर टाइमशिफ्ट तिच्या पद्धतीनं चालवा, महिन्याला स्क्रब करा आणि यूपीएस पहिल्या पगारात आणा. एक्सएफएस टाकली असेल तर पार्टिशन लहान करायची वेळ येईपर्यंत निर्धास्त राहा. ईएक्सटी४ चं जागच्या जागी बीटीआरएफएस करणारी कमांड आहे, पण तिची एकमेव प्रत असलेल्या फोटोंवर परीक्षा घेऊ नका. फोटो बाहेर काढून कोऱ्या डिस्कवर परत आणणं हाच रस्ता धरा.